फ्रीज थंड आहे, पण किती?

फ्रीजच्या आत एक गोल बटण असतं आणि त्यावर १ ते ५ किंवा १ ते ७ असे आकडे. हे आकडे म्हणजे तापमान, असा बऱ्याच घरांत समज असतो. मग कोणीतरी 'जास्त थंड हवं' म्हणून बटण १ वर नेऊन ठेवतं आणि दूध का नासतंय हे कोणालाच कळत नाही. खरं तर आकडा जितका मोठा तितका कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि तितका फ्रीज थंड. आत नेमके किती अंश आहेत, हे मात्र त्या आकड्यावरून मुळीच समजत नाही. नागपूरच्या मे महिन्यात ३ वर ठेवलेला फ्रीज आणि महाबळेश्वरच्या जानेवारीत ३ वर ठेवलेला फ्रीज यांच्या आत अगदी वेगळं हवामान असू शकतं.

आणि अंशांनाच तर सगळं महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की नाशवंत पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावेत. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा सोयीचा पट्टा. त्यातही आपल्याकडच्या उन्हाळ्याचे ३० ते ४० अंश म्हणजे त्यांची चंगळ. अनुकूल अन्न मिळालं तर काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. ४ अंशांवर ते मरत नाहीत, त्यांची वाढ फार मंदावते. 'फ्रीजमध्ये होतं ना, मग चांगलंच असणार' या वाक्यात म्हणूनच खोट आहे. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. गरोदर बायकांना तो विशेष घातक, म्हणून त्यांनी कापून ठेवलेली फळं, न उकळलेलं दूध आणि चार दिवसांची उरलीसुरली भाजी यांच्या वाट्याला जाऊ नये.

१० अंशांवरचं दूध हाताला गारच लागतं. ४ आणि १० यांतला फरक बोटांना कळत नाही, जंतूंना कळतो. म्हणून फ्रीजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दारावर आकडे दाखवणारा महागडा फ्रीज घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. रात्री झोपताना पाण्याचा पेला मधल्या कप्प्यात ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं पटकन बदलत नाही. ५ च्या वर दिसलं तर बटण एक घर पुढे सरकवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. फ्रीझरसाठी उणे १८ हा आकडा लक्षात ठेवायचा.

एकाच फ्रीजमध्ये सगळीकडे सारखी थंडी नसते. दारातले कप्पे सगळ्यात गरम, कारण दार उघडलं की पहिला फटका त्यांनाच. गंमत म्हणजे कंपन्या दुधाच्या पिशव्या आणि अंडी ठेवायची सोय नेमकी तिथेच करतात! दारात सॉस, लोणचं, पाण्याच्या बाटल्या राहू द्या, दूध आत मागच्या बाजूला सरकवा. कच्ची मासळी किंवा मटण घट्ट झाकणाच्या डब्यात आणि शिजवलेल्या अन्नाच्या खाली, म्हणजे त्याचं पाणी आमटीत टपकणार नाही.

फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. पंप जसा विहिरीतलं पाणी वर चढवतो, तसा कॉम्प्रेसर उष्णतेला थंड जागेकडून गरम जागेकडे चढवतो. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये हे काम आयसोब्युटेन नावाचा वायू करतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो. फ्रीझरभोवतीच्या नळ्यांमध्ये कमी दाबाखाली त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून गरम करतो आणि मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांमध्ये ती उष्णता स्वयंपाकघरात सोडून पुन्हा द्रव होते. फ्रीजच्या कडा गरम लागल्या की लोक घाबरतात, पण नव्या फ्रीजमध्ये या नळ्या बाजूच्या पत्र्याखालीच असतात, त्यामुळे तो कोमटपणा ठीकच आहे.

हे एकदा समजलं की फ्रीजच्या निम्म्या तक्रारी दोन प्रश्नांवर येतात. बाहेर टाकलेली उष्णता निघून जायला वाट आहे का? आणि बाहेरची उष्णता आत कुठून शिरते आहे?

पहिल्या प्रश्नाचा हल्लीचा मोठा गुन्हेगार म्हणजे मॉड्युलर किचन. सुतार फ्रीज चौकटीत असा मापात बसवून देतो की मागे, वर, बाजूला बोटभरसुद्धा फट राहत नाही. दिसायला छान, पण उष्णता जाणार कुठे? कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकतो, बिल वाढतं आणि आतलं तापमान काही ५ च्या खाली येत नाही. कंपनीच्या पुस्तिकेत किती जागा सोडायची ते लिहिलेलं असतं, ते सुताराला आधी दाखवावं. मागे उघड्या नळ्या असतील तर वर्षातून दोनदा प्लग काढून त्यांच्यावरची धूळ मऊ ब्रशने झटकावी.

दुसऱ्या प्रश्नासाठी दाराचं रबर, म्हणजे गॅस्केट तपासायचं. एक नोट अर्धी आत, अर्धी बाहेर राहील अशी ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथून हवा जाते. अनेकदा रबर खराब नसतंच, त्याच्या घडीत सांडलेलं दूध आणि बुरशी साचलेली असते. कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं की ते पुन्हा नीट चिकटतं. आतल्या जाळ्यांवर फुलाफुलांच्या प्लॅस्टिकच्या चटया अंथरायची हौसही जरा आवरावी. सिंगल डोअर फ्रीजमध्ये थंड हवा जाळीतूनच खाली उतरते, चटईने तिची वाट अडते.

आता शिळ्या भाताकडे येऊ. फोडणीचा भात हा आपल्या सकाळच्या नाश्त्याचा मानबिंदू, त्याच्या वाटेला जाणं धाडसाचंच. पण यात विज्ञान आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजतानाच्या १०० अंशांतही टिकतात. रात्रीचा भात ओट्यावर पातेल्यात झाकून ठेवला, की कोमट आणि ओलसर भातात ते बीजाणू उगवतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष उष्णतेला अजिबात दाद देत नाही. सकाळी कितीही चरचरीत फोडणी दिली तरी जंतू मरतील, विष तसंच राहील. अशा भाताने अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि दोष जातो तेलाला नाहीतर शेंगदाण्यांना.

उपाय सोपा आहे. शिजल्यापासून दोन तासांच्या आत भात फ्रीजमध्ये गेला पाहिजे, तोही खोल पातेल्यात नव्हे. मोठ्या पातेल्याच्या मधला भाग फ्रीजमध्येही कित्येक तास कोमट राहतो. पसरट डब्यात दोनतीन बोटं जाडीचा थर करा. आमटी, वरण असेल तर पातेलं आधी परातीतल्या गार पाण्यात ठेवून ढवळा, दुधाला करतो तसंच. 'गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवली की फ्रीज बिघडतो' हे अर्धसत्य आहे. वाफाळतं पातेलं आत ठेवलं तर शेजारचं दूध तापतं आणि बर्फ वाढतो, हे खरं. पण पूर्ण गार होण्याची वाट बघत चार तास बाहेर ठेवणं त्याहून वाईट. वाफ थांबली, भांडं हाताला सोसू लागलं, की आत. दुसऱ्या दिवशी मात्र पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करा आणि उरलेलं पुन्हा आत ठेवू नका.

फ्रीजमध्ये काय ठेवू नये, हेही थोडक्यात. केळी काळी पडतात. बटाट्यातल्या स्टार्चची थंडीत साखर होते आणि तळल्यावर ते जास्त करपतात. कच्चा हापूस तर मुळीच नको: १२-१३ अंशांच्या खाली आंब्याला थंडी बाधते, मग तो नीट पिकतच नाही. पिकल्यावर खुशाल ठेवा. कोथिंबीर निवडून, कोरडी करून सुती कापडात गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, छपाईच्या शाईमुळे खाद्यपदार्थ त्यात बांधू नयेत असं एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचंही सांगणं आहे.

वीज गेली तर दार बंद ठेवणं हा सगळ्यात मोठा इलाज. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो, मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात त्याहून कमी समजा. जिथे भारनियमन नेमाने होतं तिथे फ्रीझरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात, वर थोडी जागा सोडून भरलेल्या. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी एक लिटर पाणी ८० अंशांनी थंड करताना काढावी लागते. खरा धोका वीज परत येते त्या क्षणी असतो. कॉम्प्रेसर थांबल्यावर दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी सुरू केलं तर मोटर अडते, भरमसाट करंट ओढते, मागून 'टिक' आवाज येतो आणि असं वारंवार झालं की वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळतं. म्हणून जुन्या फ्रीजला टाइम डिले असलेला, म्हणजे वीज आल्यावर काही मिनिटं थांबून फ्रीज सुरू करणारा स्टॅबिलायझर हवा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या (म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करणाऱ्या) फ्रीजमध्ये ही सोय बहुधा आतच असते.

दाराला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर 'पाय ओले असतील' म्हणून सोडून देऊ नका. फ्रीजचा पत्रा आणि विजेची तार यांत कुठेतरी संबंध आला आहे आणि अर्थिंग काम करत नाही, असा त्याचा अर्थ. मुख्य स्विच बंद करून प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत फ्रीज लावू नका. तीन पिनांतली जाड पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवणारे महाभाग आहेत. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नावाचा सुरक्षा स्विच असेल तर पत्र्यातून गळणारा करंट तो क्षणात तोडतो. मिक्सर, ओव्हन आणि फ्रीज एकाच एक्स्टेंशनवर चालवू नका.

फ्रीझरमध्ये बर्फाचा थर साचला की सुरी घेऊन तासायला बसणं ही आपली जुनी सवय. बर्फ स्वतःच उष्णता अडवतो, म्हणून तो काढायलाच हवा, पण सुरीने नव्हे. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गॅसच्या नळ्या आहेत, सुरी लागली तर त्या फुटून गॅस गळतो. १९२० च्या दशकात फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत आणि गळतीने माणसं मरत. बर्लिनमधल्या एका कुटुंबाच्या अशा मृत्यूची बातमी वाचून आइनस्टाइन आणि भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी गळतीच होणार नाही असा फ्रीज बनवायचा चंग बांधला, त्याची पेटंटंही घेतली. पुढे १९२८ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस मिजली यांच्या गटाने फ्रिऑन हा बिनविषारी वायू आणला; त्याने ओझोनचा थर पोखरला जातो हे लक्षात येऊन १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. आजचा आयसोब्युटेन विषारी नाही, ओझोनलाही त्रास देत नाही, पण तो जळतो. स्वयंपाकाच्या गॅसचाच तो सख्खा भाऊ. कॉम्प्रेसरवर 'आर ६००ए' आणि पिवळ्या त्रिकोणात ज्वाला दिसली की समजायचं.

घाबरायचं कारण नाही. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, घरगुती फ्रीजमध्ये ५० ग्रॅमच्या आसपास. फरक एवढाच, की सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, फ्रीजमधल्याला नाही. नळी फुटून फुस्स आवाज आला तर शेगडी बंद, खिडक्या उघड्या आणि कोणत्याही बटणाला हात नाही. एरवी बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा किंवा प्लग काढून दार उघडं ठेवा. आणि 'गॅस संपलाय, भरावा लागेल' असं मेकॅनिक म्हणाला तर एकच प्रश्न विचारा: गळती कुठे सापडली? हा गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत वर्षानुवर्षं तोच फिरत राहतो. गळती न बुजवता भरलेला गॅस म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच बिल.

फ्रीजच्या मागे खाली एक ट्रे असतो. विरघळलेल्या बर्फाचं पाणी त्यात पडतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने सुकतं. पावसाळ्यात ते सुकत नाही. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. पालिकेचे कर्मचारी घरी येऊन कुंड्यांबरोबर फ्रीजमागे डोकावतात ते यासाठीच. आठवड्यातून एकदा ट्रे ओता आणि घासून कोरडा करा.

जुना फ्रीज देताना तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडे जाईल असं बघा. नळी तोडून गॅस हवेत सोडणाऱ्याकडे नको. तोवर तो गॅलरीत किंवा जिन्याखाली पडून राहणार असेल तर एक काम त्याच दिवशी करा. पूर्वी फ्रीजच्या दाराला बाहेरून लागणारी खटक्याची कडी असे. लपंडावात मुलं आत शिरत आणि गुदमरत. अमेरिकेने १९५६ मध्ये कायदाच केला की दार आतून उघडता आलं पाहिजे, आणि कडी जाऊन चुंबकाची पट्टी असलेलं रबर आलं. तरीही आडव्या पडलेल्या किंवा भिंतीला टेकवलेल्या फ्रीजचं दार लहान मुलाला आतून ढकलता येईलच असं नाही. म्हणून बिजागरीचे स्क्रू काढून दार वेगळं करा. आतल्या जाळ्या मात्र तशाच राहू द्या, त्या असल्या की आत शिरायला जागाच उरत नाही.