बिसेन, हेर्मान व्हिल्हेल्म

(१३ ऑक्टोबर १७९८–१० मार्च १८६८). डॅनिश अभिजाततावादी शिल्पकार व कलाशिक्षक. प्रसिद्ध डॅनिश शिल्पकार बेर्टेल थोर्व्हाल्सनचा शिष्य आणि त्याच्या पश्चात डेन्मार्कमधील शिल्पकलेचा प्रमुख आधारस्तंभ म्हणून तो ओळखला जातो. त्याचा जन्म श्लेस्विग या शहरात झाला. हे शहर ज्या डचीत (ड्यूकच्या प्रांतात) होते, ती डॅनिश राजाच्या आधिपत्याखाली असली, तरी तिच्यात डॅनिश आणि जर्मन अशा दोन्ही भाषा बोलल्या जात आणि तिच्या मालकीवरून पुढे दोन युद्धे झाली. बिसेनच्या सर्वांत प्रसिद्ध शिल्पांचा या युद्धांशी थेट संबंध असल्याने त्याचे हे जन्मस्थान केवळ चरित्रातील तपशील म्हणून सोडून देता येत नाही.

कोपनहेगनच्या राजेशाही कला अकादमीत त्याचे शिक्षण झाले. १८२३ मध्ये त्याला अकादमीचे मोठे सुवर्णपदक मिळाले आणि पुढील वर्षी तो रोमला गेला. तेथे थोर्व्हाल्सनची कार्यशाळा भरभराटीला आली होती. युरोपभरच्या राजांची आणि नगरपालिकांची कामे तिथे एकाच वेळी चालत. गुरूने लहान आराखडा करावा, शिष्यांनी तो मातीत पूर्ण आकाराला न्यावा, त्यावरून प्लास्टरचा नमुना काढावा आणि मग पाथरवटांनी मोजमापाचे बिंदू घेत तो संगमरवरात उतरवावा, अशी तेथील कामाची रीत होती. अखेरचा हात गुरूचा असे. क्वचित तोही नसे. जर्मनीतील माइन्त्स येथे १८३७ मध्ये उभारलेला मुद्रणकलेचा जनक गुटेनबर्ग याचा पुतळा थोर्व्हाल्सनच्या नावावर असला, तरी त्याचा पूर्णाकृती नमुना थोर्व्हाल्सनच्या आराखड्यावरून बिसेननेच घडविला होता. दुसऱ्याच्या शैलीत शिरून तिचा तोल न बिघडवता काम पुरे करण्याची हातोटी त्याला येथे साधली आणि तीच पुढे त्याच्या वाट्याला आलेल्या मोठ्या जबाबदारीत कामी आली.

१८३४ मध्ये तो कोपनहेगनला परतला. क्रिस्टिआन्सबोर्ग राजवाड्यासाठी सीरीझ आणि बॅकस या देवतांच्या मिरवणुकीचे लांबलचक उठावशिल्प त्याने केले. ग्रीक शिल्पपट्टांचा अभ्यास त्यात दिसून येत असे. १८८४ मध्ये राजवाड्याला लागलेल्या आगीत ते नष्ट झाले. पुराणकथांवरील त्याच्या स्वतंत्र शिल्पांत ग्रीक पुराणातील वीर फिलोक्टीटीझ याचे शिल्प उल्लेखनीय असून, मायदेशी परतल्यावर थोड्याच काळात त्याने नॉर्स पुराणातील व्हॅल्किरी ही रणदेवताही घडविली.

१८४० मध्ये बिसेन अकादमीत प्राध्यापक झाला आणि १८५० ते १८५३ या काळात तिचा संचालक होता. प्राचीन शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून रेखाटन, नंतर जिवंत मॉडेलवरून अभ्यास आणि मग माती, हा अकादमीचा ठरीव क्रम होता. शिष्यांचे खरे शिक्षण मात्र बिसेनच्या स्वतःच्या कार्यशाळेत, चालू कामांवर हात चालवताना होई. थिओबाल्ड श्टाइन, ओटो एवेन्स आणि बिसेनचा मुलगा व्हिल्हेल्म हे त्याचे डॅनिश शिष्य. फिनलंडचा व्हाल्टर रुनेबेर्ग तरुणपणी त्याच्याकडेच शिकला. हेलसिंकीच्या एस्प्लनाडी उद्यानात आपले वडील कवी योहान लुडव्हिग रुनेबेर्ग यांचा जो पुतळा त्याने १८८५ मध्ये उभारला, त्यातील संयत ठेवण कोपनहेगनच्या शिस्तीची आठवण करून देते.

१८४४ मध्ये थोर्व्हाल्सनचे निधन झाले. त्याच्या इच्छेनुसार अपुरी राहिलेली शिल्पे पूर्ण करण्याचे काम बिसेनकडे आले. थोर्व्हाल्सन संग्रहालयाच्या दर्शनी भागावर चार घोड्यांचा रथ हाकणारी जी विजयदेवता दिसते, तीही बिसेनची आहे. गुरुऋण फेडण्यात त्याची बरीच वर्षे गेली, ही टीकाकारांची तक्रार अगदीच गैरलागू नाही; पण त्याच वर्षांत त्याने गुरूपासून वेगळी वाटही धरली, हे विसरता येत नाही.

या वाटेची दिशा कलाइतिहासकार निल्स लाऊरिट्स हॉयेन याच्या विचारांनी सूचित केली होती. डॅनिश कलावंतांनी रोमकडे डोळे लावून बसण्याऐवजी आपली भूमी, आपले लोक आणि आपला इतिहास यांतून विषय घ्यावेत, असे १८४४ मधील एका व्याख्यानात त्याने आग्रहाने मांडले. चित्रकारांना हे तुलनेने सोपे होते. ज्याचे सारे व्याकरण ग्रीक नग्नाकृतीवर उभे आहे, त्या शिल्पकाराने गणवेशातल्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र अवघड होता.

फ्रेडेरिसिया या तटबंदीच्या शहरात बिसेनने त्याचे उत्तर दिले. श्लेस्विगच्या पहिल्या युद्धात ६ जुलै १८४९ रोजी येथे डॅनिश सैन्याने वेढा फोडून विजय मिळविला. त्याचे स्मारक म्हणून १८५८ मध्ये ‘शूर शिपाई’ हा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्यात सेनापती नाही, राजा नाही, पंख पसरलेली देवताही नाही. साध्या पायदळी गणवेशातील एक शिपाई तोफेवर पाय रोवून उभा आहे. एका हातात बंदूक, तर दुसऱ्या उंचावलेल्या हातात बीच वृक्षाची हिरवी फांदी आहे. लॉरेलच्या पानांच्या पारंपरिक विजयमुकुटाऐवजी डेन्मार्कच्या रानातली फांदी घेणे ही या शिल्पातील सर्वांत बोलकी निवड होय. एका पायावर तोललेले शरीर आणि वर उठलेल्या बाहूने साधलेला समतोल मात्र पूर्णपणे अभिजात आहे. अनाम सामान्य सैनिकाला मध्यवर्ती स्थान देणाऱ्या युरोपातील अगदी सुरुवातीच्या स्मारकांत त्याची गणना होते. त्याच शहरात सैनिकांच्या सामाईक दफनस्थळी, पडलेल्या सोबत्याला थडग्यात ठेवणाऱ्या दोन शिपायांचे उठावशिल्पही बिसेनचे आहे. पुतळ्यातील आवेश तेथे नाही आणि शिल्प म्हणून ते पुतळ्याहून सरस वाटते.

बिसेनच्या दुसऱ्या युद्धस्मारकाचे नशीब विचित्र ठरले. २५ जुलै १८५० रोजी त्याच्या जन्मगावाच्या उत्तरेस जवळच, इस्टेड येथे डॅनिश सैन्याला रक्तरंजित विजय मिळाला होता. तेथील मृतांच्या स्मरणार्थ फ्लेन्सबुर्गच्या दफनभूमीत १८६२ मध्ये त्याने बसलेल्या सिंहाचे भव्य ब्राँझ शिल्प उभारले. त्यासाठी त्याने पॅरिसच्या प्राणिसंग्रहोद्यानातील सिंहाचा अभ्यास केला होता. डॅनिश प्रजेला तो शौर्याचे प्रतीक वाटला, तर जर्मन भाषकांना तो आपल्या कबरींवर बसवलेला डिवचणारा पशू वाटला. १८६४ च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी श्लेस्विग जिंकल्यावर तो चौथऱ्यावरून उतरविण्यात आला आणि नंतर युद्धातील लूट म्हणून बर्लिनला गेला. आपल्या शिल्पाची ही गत बिसेनला हयातीतच पाहावी लागली. १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर, सिंह कोपनहेगनला आला. २०११ मध्ये तो मूळ जागी फ्लेन्सबुर्गला परतला. या वेळी मात्र तो डॅनिश आणि जर्मन समाजांतील मैत्रीची खूण म्हणून बसविण्यात आला.

व्यक्तिशिल्पांतही त्याचे काम विपुल आहे. नाटककार आडाम ओलेन्श्लेगर, खगोलशास्त्रज्ञ ट्यूको ब्राहे आणि डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक यांचे त्याने केलेले पुतळे कोपनहेगन परिसरात आहेत. परीकथाकार हान्स क्रिस्टिआन आनर्सन याचा अर्धपुतळा त्याने १८६५ मध्ये घडविला. कोपनहेगनच्या मुख्य चर्चच्या दर्शनी भागापुढील बायबलमधील प्रेषित मोझेस याचा पुतळाही त्याचाच. राजा सातव्या फ्रेडरिकचा अश्वारूढ पुतळा बिसेनच्या मृत्यूने अपुरा राहिला. तो व्हिल्हेल्मने पूर्ण केला आणि १८७३ मध्ये क्रिस्टिआन्सबोर्गसमोर त्याची स्थापना झाली. व्हिल्हेल्म पुढे अकादमीत प्राध्यापक झाला. बिसेनच्या प्लास्टर नमुन्यांचा मोठा संग्रह मद्यउद्योजक कार्ल याकोबसेन याने मिळविला असून तो कोपनहेगनच्या न्यू कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेक या संग्रहालयात आहे.