कृती तीच, बारकावा वेगळा

पहिलीच्या वर्गात एक मूल सहा मणी ओळीत मांडते, प्रत्येक मण्यावर बोट ठेवते आणि 'एक, दोन, तीन, चार, पाच, सहा' असे न अडखळता म्हणते. मोजून झाल्यावर शिक्षिका विचारतात, "मग एकूण मणी किती?" मूल क्षणभर ओळीकडे बघते आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून मोजायला लागते. बघणाऱ्याला वाटते, मूल विसरले किंवा त्याचे लक्ष नव्हते. खरे तर त्याला अंकांची नावे क्रमाने येतात आणि एका मण्याला एकच नाव द्यायचे हेही त्याला कळते. फक्त मोजताना शेवटी उच्चारलेला अंक हा त्या एका मण्याचा नसून सगळ्या मण्यांचा मिळून असतो, ही गोष्ट त्याच्या मनात अजून पक्की बसलेली नाही.

मानसशास्त्रज्ञ रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ साली मोजणीमागची जी तत्त्वे मांडली, त्यांत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या धरलेल्या आहेत, कारण त्या मुलाला एकदम येत नाहीत. पुढे कॅरन विन यांनी लहान मुलांना नुसते मोजायला न सांगता 'मला तीन वस्तू दे' असे सांगून पाहिले, तेव्हा दहापर्यंत घडाघडा म्हणणारी कित्येक मुले सरळ मूठभर वस्तू उचलून देताना आढळली. मुलाला आधी फक्त 'एक' कळतो, काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन', आणि त्यानंतर केव्हातरी मोजण्याचे मर्म एकदम उलगडते आणि पुढच्या सगळ्या संख्या त्याच्या कवेत येतात. बहुतेक मुले हा टप्पा शाळेत येण्याआधी ओलांडतात, पण सगळी नाही. म्हणून 'शंभरपर्यंत म्हणून दाखव' आणि 'डब्यातून सात मणी काढून दे' या दोन कृती दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांतून शिक्षकाला मिळणारी माहिती सर्वस्वी वेगळी असते. मला विचाराल तर दुसरी कृती रोज व्हायला हवी आणि पहिली अधूनमधून झाली तरी चालेल.

प्राथमिक शाळेच्या पहिल्या एक-दोन इयत्तांमध्ये दिवसभर जे चालते, ते मोठ्यांना फार साधे वाटते: मोजणे, गिरवणे, गाणी म्हणणे, सोंगट्या सरकवणे, प्रश्नांची उत्तरे देणे. गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनी या साध्या कृती बारकाईने तपासल्या. त्यांच्या प्रयोगांमध्ये पुन्हा पुन्हा असे दिसते की कृतीचे नाव तेच राहिले आणि मांडणीत एक लहानसा बदल झाला, तरी मूल काय शिकते ते बदलते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सोंगटीच्या खेळाचे आहे. गीता रमणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील, अजून पहिलीतही न गेलेल्या मुलांना एक अगदी सोपा खेळ दिला. दहा घरांचा सरळ पट, चक्री फिरवायची, एक किंवा दोन येईल तितकी घरे सोंगटी पुढे न्यायची. काही मुलांच्या पटावर घरांमध्ये १ ते १० अंक होते आणि काहींच्या पटावर अंकांऐवजी नुसते रंग. दोन आठवड्यांत अशी चार छोटी सत्रे झाली. अंकांचा पट खेळलेली मुले मोजण्यात, अंक ओळखण्यात, दोन संख्यांतली मोठी कोणती हे सांगण्यात आणि कोऱ्या रेषेवर एखादी संख्या कुठे यावी याचा अंदाज करण्यात स्पष्टपणे पुढे गेली, आणि ही प्रगती नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. रंगांचा पट खेळलेल्या मुलांमध्ये तसा बदल दिसला नाही. पुढच्या वर्षी याच संशोधकांनी गोल पट वापरून पाहिला, तर तोही सरळ पटाइतका उपयोगी ठरला नाही.

असे का व्हावे? सरळ पटावर सोंगटी ८ या घरात पोहोचते, तेव्हा ती ४ या घरातल्या सोंगटीपेक्षा दुप्पट अंतर चाललेली असते, मुलाचा हात तितका जास्त सरकलेला असतो, तोंडाने तितके जास्त अंक उच्चारलेले असतात आणि त्याला तितका जास्त वेळ लागलेला असतो. म्हणजे 'मोठी संख्या' हा अनुभव डोळे, हात, कान आणि वेळ अशा सगळ्या वाटांनी एकाच दिशेने मिळतो. लहान मुलांच्या मनातली संख्यारेषा सुरुवातीला समान अंतरांची नसते. एक आणि दोन यांच्यातले अंतर त्यांना ऐसपैस वाटते, तर मोठ्या संख्या टोकाला एकमेकींना चिकटून उभ्या असतात. सरळ पट ही रेषा हळूहळू नीट ताणून देतो.

त्याहून लहान एक बारकावा एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी २०१४ साली दाखवला, आणि माझ्या मते शिक्षकांनी तो आवर्जून लक्षात ठेवावा. १ ते १०० अंकांच्या पटावर सोंगटी २५ वर आहे आणि चक्रीवर दोन आले आहेत असे समजू. मूल दोन प्रकारे खेळू शकते: 'एक, दोन' म्हणत सोंगटी सरकवायची, किंवा 'सव्वीस, सत्तावीस' म्हणत. सोंगटी दोन्ही वेळा त्याच घरात जाते आणि हार-जीतही तीच राहते. परंतु घरातला अंक वाचत पुढे गेलेल्या मुलांना त्या संख्यांची जी समज आली, ती 'एक, दोन' म्हणणाऱ्यांना आली नाही. दुसऱ्या प्रकारात मुलाची नजर अंकावर टिकते. पहिल्यात अंकाकडे बघण्याचे कारणच उरत नाही.

शिक्षकाने न सांगताही मुले काही युक्त्या शोधतात, हेही इथेच नोंदवायला हवे. २ अधिक ६ करताना नवखे मूल दोन बोटे मोजते, सहा बोटे मोजते आणि मग सगळी बोटे पुन्हा एकापासून मोजते. काही काळाने तेच मूल थेट 'सहा' म्हणते आणि पुढे 'सात, आठ' एवढेच मोजते. यात दोन शोध लपलेले आहेत: आधी मोजलेले पुन्हा मोजावे लागत नाही, आणि संख्यांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच राहते. गाय ग्रोएन आणि लॉरेन रेझनिक यांनी १९७७ साली शाळापूर्व वयाच्या मुलांना फक्त 'सगळे मोजा' ही रीत शिकवली होती, तरी पुरेसा सराव झाल्यावर त्यांतली काही मुले मोठ्या संख्येपासून पुढे मोजण्याकडे आपणहून वळली. बोटे मोजू नकोस असे दटावले, की हा शोध लागण्याची जागाच आपण काढून घेतो.

लेखनाची कथा थोडी निराळी आहे. करिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ साली अजून वाचता न येणाऱ्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांकडून अक्षरांचा सराव तीन प्रकारे करून घेतला: अक्षर पाहून हाताने काढणे, ठिपक्यांवरून गिरवणे आणि कळफलकावर टंकणे. त्यानंतर मुले ती अक्षरे नुसती पाहत असताना त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. मोठी माणसे वाचताना मेंदूचे जे भाग जागे होतात, ते मुलांमध्ये हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी सर्वाधिक जागे झालेले दिसले. गिरवलेल्या आणि टंकलेल्या अक्षरांनी तसा परिणाम साधला नाही. संशोधकांचे स्पष्टीकरण मला पटण्यासारखे वाटते. मूल स्वतः अक्षर काढते तेव्हा ते दर वेळी वेगळे येते, कधी तिरके, कधी पोट सुटलेले, कधी रेषा तुटलेली. इतक्या वेड्यावाकड्या आकृत्या एकाच अक्षराच्या आहेत हे मेंदूला अनुभवातून कळते आणि त्यातूनच त्या अक्षराचे सर्वसाधारण रूप तयार होते. ठिपके मात्र प्रत्येक वेळी तोच आकार काढून घेतात. हा अभ्यास मोजक्याच मुलांवर झालेला आहे, आणि पेन्सिल कशी धरावी, रेष कुठून सुरू करावी हे शिकवण्यासाठी गिरवणे उपयोगी पडते, हेही विसरता येत नाही. तरीही वहीची पानेच्या पाने गिरवून घेण्यापेक्षा चार वेळा गिरवून पुढची अक्षरे पाहून काढायला लावणे अधिक शहाणपणाचे दिसते.

उलटी अक्षरे पाहून पालक फार लवकर घाबरतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे सांगायला हवे. कप उजवीकडून पाहा किंवा डावीकडून, तो कपच असतो. वस्तू ओळखताना डावे-उजवे सोडून देणे हा आपल्या दृष्टीचा जन्मजात आणि उपयुक्त गुण आहे. मेंदूचे अभ्यासक स्तानिस्लास देहान यांच्या मांडणीनुसार मेंदूत वाचनासाठी मुद्दाम तयार झालेला असा कोणताही भाग नसतो. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागाचाच एक तुकडा शिकता शिकता अक्षरांच्या कामाला जुंपला जातो आणि तो आपली जुनी सवय बरोबर घेऊन येतो. अक्षरांच्या जगात मात्र दिशा बदलली की ओळखच बदलते; आपले ३ आणि ६ हे अंक तर एकमेकांची जवळजवळ आरशातली रूपे आहेत. त्यामुळे सहा-सात वर्षांपर्यंत अधूनमधून उलटे लिहिणे ही जुनी सवय मोडत असल्याची खूण असते, आणि केवळ तेवढ्यावरून वाचनदोषाचा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

गाणी आणि यमकांचे खेळ हा वर्गातला विरंगुळा समजला जातो. 'माळ, बाळ, टाळ, फूल' यांत वेगळा शब्द कोणता, हे सांगण्यासाठी मुलाला शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून फक्त त्याचा आवाज ऐकावा लागतो, आणि हे त्याने आजवर कधी केलेले नसते. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली दाखवले, की आवाजांच्या अशा गटवारीचा सराव मुलांच्या पुढच्या वाचन-लेखनाला मदत करतो. त्यांच्या अभ्यासात नुसते आवाज ऐकणाऱ्या गटापेक्षा आवाजाबरोबर प्लास्टिकची अक्षरे हाताळणारा गट अधिक पुढे गेला. म्हणून गाणे झाल्यावर त्यातल्या दोन यमकांची शब्दपट्टी मुलांच्या हातात देणे, एवढा लहानसा बदलही करून पाहण्यासारखा आहे. मराठी लिहिताना एक जादा अडचण असते: 'कि' मध्ये आधी ऐकू येतो क आणि नंतर इ, पण कागदावर डावीकडे आधी दिसते ती वेलांटी. कान आणि डोळे यांचा क्रम इथे जुळत नाही, आणि कित्येक मुले नेमकी याच ठिकाणी अडतात.

सूचनांचेही तसेच आहे. 'वही काढा, तारीख लिहा, फळ्यावरची गणिते उतरवून घ्या आणि झाली की रंगपेटी आणा' हे वाक्य सहा वर्षांच्या मुलाच्या कार्यरत स्मृतीत, म्हणजे काम करताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, मावत नाही. मूल वही काढते आणि इकडेतिकडे बघत बसते. त्याला न ऐकणारे ठरवण्यापेक्षा सूचना एकेक करून देणे सोपे आहे. भिंतींचाही विचार करावा लागतो. अ‍ॅना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली चोवीस लहान मुलांना काही धडे तक्ते-चित्रांनी भरलेल्या खोलीत आणि काही धडे जवळजवळ कोऱ्या भिंतींच्या खोलीत दिले. भरलेल्या खोलीत मुलांचे लक्ष साधारण ३९ टक्के वेळ धड्यावर नव्हते. कोऱ्या खोलीत हे प्रमाण २८ टक्के होते, आणि धड्यानंतरच्या चाचणीतले गुणही तिथेच जास्त होते. यावरून सगळे तक्ते उतरवावेत असे मी म्हणणार नाही, पण ज्याचा धडा संपला आहे तो तक्ता फळ्याशेजारी लटकत ठेवण्याचे कारण नाही.

प्रश्न विचारणे ही तर वर्गातली सर्वांत जास्त वेळा होणारी कृती. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासून १९७४ साली लिहिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात. ही वाट पाहणे तीन सेकंद किंवा अधिक केले, तेव्हा उत्तरे लांब झाली, 'माहीत नाही' कमी झाले, मुले स्वतः प्रश्न विचारू लागली आणि एरवी मागे राहणारी मुलेही बोलू लागली.

शिवाय मूल प्रश्नाबरोबर विचारणाऱ्याचा हेतूही वाचत असते. दोन ओळींत सारखीच बटणे मांडून 'दोन्ही सारखी आहेत ना?' असे विचारायचे, मग एक ओळ पसरट करून पुन्हा तेच विचारायचे, हा स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचा प्रसिद्ध प्रयोग. यात चार ते सहा वर्षांची पुष्कळ मुले 'आता लांब ओळीत जास्त' असे म्हणतात. जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७४ साली ती ओळ मोठ्या माणसाऐवजी एका 'खोडकर' अस्वलाच्या बाहुलीकडून विस्कटवली, तर बहुतेक मुलांनी दोन्ही ओळी सारख्याच असल्याचे सांगितले. मोठ्या माणसाने काहीतरी मुद्दाम बदलले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे उत्तरही बदलायचे असणार, असा मुलांचा तर्क असावा.

पाच ते आठ वर्षांच्या मुलांच्या हातांकडे सुझन गोल्डिन-मेडो आणि ब्रेकिन्रिज चर्च यांनी १९८६ साली लक्ष वेधले. उभट पेल्यातले पाणी रुंद भांड्यात ओतल्यावर मूल म्हणते, 'पेला उंच होता, त्यात जास्त होते', आणि त्याच वेळी त्याचे हात भांड्याची रुंदी दाखवत असतात. तोंडाने उंची, हातांनी रुंदी. जी मुले अशी एक गोष्ट बोलतात आणि हातांनी दुसरी दाखवतात, ती शिकवल्यावर इतरांपेक्षा लवकर पुढे जातात, असे त्यांना आढळले. त्यांच्या मनात दुसरा विचार आलेला असतो, फक्त तो शब्दांत उतरलेला नसतो. म्हणून चुकीचे उत्तर ऐकल्यावर पुढच्या मुलाकडे वळण्याआधी 'तू हे कसे ठरवलेस, दाखव बरे' असे म्हणावे आणि त्याचे बोलणे ऐकताना नजर त्याच्या हातांवर ठेवावी.