टेलिफोनला कंठ दिला तो कोळशाने

टेलिफोन कसा चालतो असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, माउथपीसमध्ये आवाजाची वीज होते आणि ती तारेतून पलीकडे जाते. हे उत्तर अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या सुरुवातीच्या फोनपुरतं खरं आहे. गिरगावात ज्या काळ्या डायलच्या फोनवर अख्ख्या चाळीचे निरोप यायचे, त्यात आवाजाची वीज होतच नसे.

बेलला पेटंट मिळालं 7 मार्च 1876 रोजी. त्याच्या फोनमध्ये लोखंडी पडदा चुंबकासमोर थरथरायचा आणि त्यामुळे तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण व्हायची. सगळी ऊर्जा बोलणाऱ्याच्या घशातून आलेली! ती इतकी थोडी की तार लांबली की आवाज विरून जाई.

मार्ग निघाला तो कोळशातून. 1877-78च्या सुमारास एडिसन, बर्लिनर आणि ह्यूज हे तिघे संशोधक आपापल्या वाटेने तिथे पोचले आणि श्रेयावरून भांडणंही झाली. मला त्या भांडणांपेक्षा कोळशाचं जास्त कौतुक आहे. चोरबाजारात असे फोन आता शोभेची वस्तू म्हणून मिळतात. त्यातल्या एखाद्याच्या माउथपीसची टोपी फिरवून काढा. आत एक गोल चपटी डबी असते. ती कानाशी धरून हलवली की बारीक खुळखुळ ऐकू येते. हे कार्बनचे कण.

एक्सचेंजच्या, म्हणजे सगळ्या लाइन जिथे जोडल्या जातात त्या टेलिफोन केंद्राच्या, बॅटरीतून साधारण 48 व्होल्टचा दाब लाइनवर असतो आणि रिसीव्हर उचलला की प्रवाह या कणांमधून वाहू लागतो. आपण बोललो की पडदा कण दाबतो. कण एकमेकांना जास्त चिकटले की रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, घटतो, प्रवाह वाढतो. सैल झाले की उलट. स्त्रीच्या आवाजात हे सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा घडतं. आवाजाने फक्त नळ कमी-जास्त सोडायचा, पाणी टाकीचं. म्हणून बोलण्यात जेवढी ऊर्जा होती त्याहून जास्त तारेवर जाते. घरातली लाइट गेली तरी फोन चालायचा तोही याच बॅटरीमुळे.

ट्रंक कॉलवर, म्हणजे परगावच्या फोनवर, आजोबा ओरडायचे ते अडाणीपणाने नव्हे. लांबच्या लाइनवर आवाज क्षीण व्हायचा आणि पडदा जोरात हलला तर प्रवाहातला फरकही मोठा व्हायचा. आवाज बसला की लोक रिसीव्हर टेबलावर आपटायचे, त्यालाही अर्थ होता: दाटून बसलेले कण मोकळे व्हायचे.

आता कानाकडची बाजू. तिथे विद्युतचुंबकाबरोबर एक कायमचा चुंबकही असतो. तो कशाला? वाटेतल्या ट्रान्सफॉर्मरमधून प्रवाहातले फक्त चढउतार पुढे जातात, म्हणजे प्रवाह एकदा या दिशेने, एकदा त्या दिशेने. साधा विद्युतचुंबक लोखंडाला दोन्ही वेळा ओढतो, त्यामुळे एका कंपनात पडदा दोनदा ओढला जाईल, 200चे 400 होतील आणि आवाज अख्खं सप्तक वर चढेल. कायमचा चुंबक पडद्याला आधीच ओढून धरतो. मग एका दिशेचा प्रवाह ती ओढ वाढवतो, दुसऱ्या दिशेचा कमी करतो, आणि सूर जिथल्या तिथे राहतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता.

मुंबईत एक्सचेंज सुरू झालं 1882 साली, बेलच्या पेटंटनंतर सहाच वर्षांत. तेव्हा नंबर ऑपरेटरला तोंडी सांगायचा. स्वयंचलित एक्सचेंज आल्यावर ते काम डायलने घेतलं. हल्ली 'लकी' मोबाइल नंबरसाठी अंकशास्त्राच्या नावाखाली लोक पैसे मोजतात. ही निव्वळ फसवणूक आहे. डायलवरचा अंक म्हणजे परत फिरताना लाइन किती वेळा तुटायची, एवढाच हिशोब: 9ला नऊदा, 0ला दहादा. 100 फिरवला की लाइन आधी एकदा तुटायची, मग दहादा, मग पुन्हा दहादा, आणि एक्सचेंजमधले स्विच तेवढी घरं सरकत जाऊन पोलिसांची लाइन जोडून द्यायचे.