दयाळाचा बेटावरचा भाऊबंद

चैत्र लागला की मराठवाड्यात पहाटे कडुलिंबाच्या शेंड्यावरून दयाळाची शीळ सुरू होते. झाडाची ढोली किंवा जुन्या भिंतीतलं भोक एवढंच त्याला घरट्यासाठी पुरतं. आपल्याकडे तो इतका सवयीचा आहे की त्याचा एक सख्खा भाऊबंद नामशेष होता होता वाचला, हे फार थोड्यांना माहीत असतं.

तो राहतो हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. निळसर झाक असलेला काळाभोर पक्षी, पंखांवर पांढरा पट्टा. आपल्याकडची मादी राखाडी असते, तिथे नर-मादी सारखेच दिसतात. 1865 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, तेव्हा तो तिथल्या बऱ्याच बेटांवर होता. ऱ्हासाची कारणं मात्र त्याच्याही आधीची. 1770 मध्ये फ्रेंचांनी तिथे वसाहत केली, पुढे नारळ आणि दालचिनीच्या लागवडीसाठी जंगल तुटत गेलं, आणि माणसांबरोबर मांजरं व उंदीर आले.

हा पक्षी जमिनीवर उतरून पालापाचोळ्यातले किडे टिपतो. महाकाय कासवं चालताना पाचोळा हलला की त्यांच्या मागेमागे फिरतो. सस्तन शिकारी नसलेल्या बेटावर ही सवय निर्धोक होती, मांजर आल्यावर तीच जिवावर बेतली. त्यात मादी एका वेळी एकच अंडं घालते. आपला दयाळ चार-पाच घालतो, त्यामुळे एखादं घरटं लुटलं गेलं तरी त्याचं निभतं. शिवाय पैठणपासून नांदेडपर्यंत गोदाकाठ सलग आहे. एका गावातला दयाळ संपला तर शेजारच्या शिवारातून दुसरा येईल. बेटावर शेजारचं शिवार नसतं. म्हणूनच एकेका बेटावरून हा पक्षी कायमचा गेला आणि 1960च्या दशकात फक्त फ्रिगेट बेटावर, जेमतेम 15च्या आसपास उरला. हे बेट दोन चौरस किलोमीटरहून थोडं मोठं, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान गावाच्या शिवाराएवढं.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रिगेटवरची मांजरं हटवली गेली. तरीही 1990 मध्ये बर्डलाइफ इंटरनॅशनल या पक्षीसंवर्धन संस्थेने काम हाती घेतलं, तेव्हा पक्षी वीसेकच होते. मग वरचं खाद्य देणं आणि घरट्यांसाठी पेट्या टांगणं सुरू झालं. ढोल्या बळकावणाऱ्या साळुंक्यांनाही दूर ठेवावं लागलं. होय, आपल्या अंगणातल्याच त्या साळुंक्या, माणसाने तिकडे नेलेल्या.

माझ्या मते खरी कलाटणी दिली ती पक्ष्यांना दुसऱ्या बेटांवर नेण्याच्या निर्णयाने. 1990च्या दशकाच्या मध्यात काही पक्षी कझँ आणि कझीन या बेटांवर सोडले गेले. इतक्या थोड्या पक्ष्यांतून काही उचलायचे, यासाठी मोठं धाडस लागतं. ते किती योग्य होतं हे लगेच दिसलं, कारण 1995 मध्येच फ्रिगेटवर उंदीर शिरले. त्यांचा नायनाट करायला 2000 साल उजाडलं, आणि विषारी आमिष टाकण्याआधी तिथले पक्षी पकडून सुरक्षित ठेवावे लागले. पुढे 2002 मध्ये आरिद आणि 2008 मध्ये डेनिस या बेटांवरही हा पक्षी पोहोचला. 2005 मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक 'लाल यादी'त त्याला 'अतिसंकटग्रस्त' गटातून 'संकटग्रस्त' गटात आणलं गेलं.