ट्यूबचे ओहम वेगळे आणि ट्यूबला लागणाऱ्या लोडचे ओहम वेगळे

घरी छोटा ट्यूबचा (व्हॉल्व्हचा) गिटार अँप बांधायला घेतला की सगळ्यात जास्त गोंधळ होतो ट्यूब आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी, आणि तो होतो 'मॅचिंग' या एका शब्दामुळे. मॅच करायचं म्हणजे दोन्ही बाजू सारख्या करायच्या असं आपण कॉलेजात शिकलेलो असतो, सोर्सचा रेझिस्टन्स जेवढा तेवढाच लोडचा ठेवला की जास्तीत जास्त पॉवर मिळते, परीक्षेत हमखास विचारला जाणारा थिअरम. मग माणूस ईएल84 या आउटपुट ट्यूबची डेटाशीट उघडतो, प्लेटचा (ट्यूबचं आउटपुटचं टोक) रेझिस्टन्स बघतो, तिथे जवळपास 40 हजार ओहम दिसतात, आणि वाइंडिंगवाल्याकडे जाऊन सांगतो की प्रायमरी (ट्यूबकडची वाइंडिंग) 40 के ची, म्हणजे 40 हजार ओहमची, करून द्या. माझ्या एका मित्राने अगदी हेच केलं होतं. पैसे गेले, वेळ गेला, आणि अँप वाजला तो इतका हळू की त्याला वाटलं ट्यूबच खराब आहे.

त्याच डेटाशीटमध्ये, त्याच पानावर, दुसरा आकडा असतो 5.2 के. ट्रान्सफॉर्मरसाठी हवा असतो तो हा. दोन्ही ओहममध्ये, दोन्ही प्लेटशी संबंधित, पण एक ट्यूबचा स्वभाव सांगतो आणि दुसरा आपण तिच्यासमोर काय ठेवायचं ते सांगतो.

आधी प्लेट रेझिस्टन्स. ग्रिडला (जिथे सिग्नल येतो त्या टोकाला) हात न लावता प्लेटवरचं व्होल्टेज 100 ने वाढवलं तर करंट किती वाढतो, एवढंच तो सांगतो. ईएल84 पेंटोड (पाच इलेक्ट्रोडची ट्यूब) आहे, तिच्यात 100 व्होल्ट वाढवून करंट जेमतेम अडीच मिलीअँप हलतो, म्हणून 40 के. उलट 2ए3 सारखा जुना ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडची ट्यूब) घेतला तर तेवढ्याच 100 व्होल्टला करंट सव्वाशे मिलीअँपने बदलेल असा हिशोब येतो, तिचा प्लेट रेझिस्टन्स फक्त 800 ओहम. हा आकडा म्हणजे उतार आहे, ट्यूबच्या आत कुठे 40 हजार ओहमचा रेझिस्टर बसलेला नाही, आणि मल्टीमीटर लावून तो कधीच दिसणार नाही.

आता लोड. तो कुठून येतो हे एकदा स्वतः गणित करून बघा, डोक्यात कायमचं बसतं. ईएल84 ला प्लेटवर 250 व्होल्ट दिले आणि 48 मिलीअँपवर बायस केली, म्हणजे सिग्नल नसताना तेवढा करंट वाहील असं ठेवलं. सिग्नल आला की व्होल्टेज खाली जास्तीत जास्त शून्याजवळ जाऊ शकतं, म्हणजे साधारण 250 ची उडी, आणि करंटही शून्यापर्यंतच कमी होऊ शकतो, म्हणजे 48 मिलीअँपची उडी. दोन्ही उड्या एकाच वेळी पूर्ण वापरल्या जाव्यात असा लोड हवा. 250 भागिले 0.048 म्हणजे 5208 ओहम! डेटाशीटचे 5.2 के हेच. 6व्ही6 या दुसऱ्या ट्यूबचं करून बघा, 250 व्होल्ट, 45 मिलीअँप, उत्तर साडेपाच हजाराच्या आसपास येतं आणि डेटाशीट सांगते 5 के, तिचा प्लेट रेझिस्टन्स मात्र 50 के. मला हे गणित पहिल्यांदा सुटलं तेव्हा खरंच आनंद झाला होता, कारण तोपर्यंत तो आकडा मी नुसता पाठ करत होतो.

थिअरम खोटा नाही. फक्त तो ज्या सोर्सबद्दल बोलतो त्याला व्होल्टेजची आणि करंटची हद्द नसते, ट्यूबला असते. म्हणूनच ट्रायोडमध्ये लोड प्लेट रेझिस्टन्सपेक्षा मोठा निघतो (2ए3 ला 800 च्या समोर 2500) आणि पेंटोडमध्ये कितीतरी लहान. सारखे असे ते कुठेच नसतात.

मित्राच्या अँपमध्ये काय झालं ते आता कळेल. 40 के समोर व्होल्टेज 240 ने हललं तरी करंट फक्त 6 मिलीअँप हलतो, म्हणजे पाऊण वॅटसुद्धा धड नाही, जिथे 5.2 के वर साडेपाच वॅट मिळाले असते. आणि त्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे जोरात वाजवलं की ट्यूब पूर्ण बंद होते, तेव्हा 48 मिलीअँप गुणिले 40 के, कागदावर 1900 व्होल्ट, आणि मग सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी उडायची, वाइंडिंगचं इन्सुलेशन जायची भीती. स्पीकर न लावता ट्यूब अँप वाजवू नका असं सगळे का बजावतात त्याचंही कारण हेच, लोडच नाही म्हणजे ओहम आभाळाला. फेंडरच्या जुन्या अँपमध्ये स्पीकरची पिन काढली की जॅक आपोआप शॉर्ट होतो तो यासाठीच, कारण तिथे शॉर्ट हा त्यातल्या त्यात बरा.

मग प्लेट रेझिस्टन्सचं काही कामच नाही का? आहे, आणि गिटारवाल्यासाठी ते फार गोड काम आहे. ट्रान्सफॉर्मरमधून तो स्पीकरच्या बाजूला येतो तेव्हा स्पीकरला किती घट्ट धरलंय ते ठरवतो. 5.2 के ते 8 ओहम म्हणजे 650 पट, 40 के ला 650 ने भागलं की साधारण 61 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरमागे 61 ओहमचा सोर्स, म्हणजे स्पीकर जवळजवळ मोकळा सोडलेला. आणि स्पीकरचे 8 ओहम तरी कुठे स्थिर असतात, रेझोनन्सपाशी (स्पीकर ज्या सुराला स्वतःहून जास्त हलतो तिथे) ते कितीतरी वर जातात, ट्रेबलकडे पुन्हा चढतात, आणि पेंटोड तिथे तिथे जास्त व्होल्टेज देते. खालच्या ई तारेला जी फुगीर धमक येते आणि वर जी चमक येते ती बऱ्याच अंशी इथून. 2ए3 मागे हाच हिशोब अडीच ओहमच्या आसपास येतो, तिथे स्पीकर ताब्यात राहतो. व्हॉक्स एसी30 या अँपमध्ये आउटपुटवरून निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) नाही म्हणून तिथे हा मोकळेपणा तसाच ऐकू येतो, फेंडर बासमनमध्ये फीडबॅक आहे, तो सोर्सचे ओहम खाली आणतो आणि आवाज आवळला जातो.

दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात त्या पुशपुलबद्दल थोडंच सांगतो. दोन ईएल84 साठी 8 के लिहिलेलं असतं ते एका प्लेटपासून दुसऱ्या प्लेटपर्यंतचं, सेंटर टॅपपासून (प्रायमरीच्या मधल्या जोडापासून) एका टोकापर्यंत 4 के नाही तर 2 के असतं, कारण वेढे निम्मे झाले की ओहम पाव होतात. वाइंडिंगवाल्याला 'प्लेट टू प्लेट' हे शब्द लिहूनच द्या.

आणि ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे असे ओहम नसतात, फक्त वेढ्यांचं प्रमाण असतं. त्याच मित्राला नंतर एका जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला ट्रान्सफॉर्मर मिळाला, वर काहीच लिहिलेलं नाही. आम्ही तो सगळ्यातून सोडवून टेबलावर घेतला, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून 12 व्होल्ट एसी प्रायमरीला दिले, सेकंडरीला (स्पीकरकडच्या वाइंडिंगला) 0.35 आले. प्रमाण 34.3, त्याचा वर्ग 1176. 8 ओहमचा स्पीकर लावला तर प्लेटला दिसणार 9.4 के, ईएल84 साठी फारच जास्त, आणि 4 ओहमचा लावला तर 4.7 के, 5.2 च्या अगदी शेजारी. त्याने 4 ओहमचा लावला. ट्यूब तीच होती, बीईएलची (भारत इलेक्ट्रॉनिक्सची), जी त्याला खराब वाटली होती.