कार्बन-मर्यादित ऊर्जा नियोजन

प्रदेशाची ऊर्जेची गरज भागावी आणि कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जनही ठरलेल्या मर्यादेत राहावे, अशा बेताने ऊर्जास्रोतांची वाटणी करण्याची पद्धत. एरवीच्या नियोजनात सर्वांत स्वस्त पुरवठा शोधतात. येथे आधी पाहतात ते कार्बनमुक्त ऊर्जा कमीत कमी किती लागेल हे.

हे उत्तर आलेखावरून काढण्याची रीत रेमंड टॅन आणि डॉमिनिक फू या संशोधकांनी 2007 मध्ये मांडली. तिचे मूळ आहे रासायनिक कारखान्यांत वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरण्यासाठी 1970 च्या दशकात पुढे आलेल्या ‘पिंच’ विश्लेषणात. आडव्या अक्षावर ऊर्जा, उभ्या अक्षावर उत्सर्जन घेतले, की रेषेचा चढ म्हणजे इंधनाचा उत्सर्जन गुणांक. 1 टेराज्यूल (ऊर्जेचे एकक, म्हणजे एक लाख कोटी ज्यूल) उष्णतेमागे कोळशाचा तो सुमारे 95 टन, नैसर्गिक वायूचा 56 टन. कमी चढाकडून जास्त चढाकडे रेषा जोडत गेल्यावर एक माळ पुरवठ्याची, दुसरी मागणीची तयार होते; मागणीच्या रेषेचा चढ म्हणजे त्या प्रदेशाला ऊर्जेच्या एककामागे परवानगी असलेले उत्सर्जन. पुरवठ्याची माळ मागणीच्या वर जात असेल, तर ती पूर्ण खाली येऊन एका बिंदूत टेकेपर्यंत उजवीकडे सरकवतात. सरकवलेले अंतर म्हणजे लागणारी कार्बनमुक्त ऊर्जा. टेकण्याची जागा म्हणजे पिंच बिंदू.

समजा, दोन प्रदेशांना प्रत्येकी 100 टेराज्यूल ऊर्जा हवी आहे. पहिल्याची मर्यादा 2,000 टन, दुसऱ्याची 8,000. वायू आणि कोळसा प्रत्येकी 100 टेराज्यूल उपलब्ध आहे. पहिल्या प्रदेशाला वायू सुमारे 36 टेराज्यूलच चालतो, म्हणून उरलेली सुमारे 64 कार्बनमुक्त हवी. दुसऱ्याचे भागते उरलेला वायू आणि थोडा कोळसा यांवर, तेही मर्यादेत. मात्र कार्बनमुक्त ऊर्जेतला काही वाटा दुसऱ्याला दिला, तर तेवढीच नवी ऊर्जा पहिल्यासाठी उभारावी लागते. येथे पिंच बिंदू दोन प्रदेशांच्या मध्ये पडतो; कार्बनमुक्त ऊर्जा देताना पिंच ओलांडू नये, हा नियम यातूनच येतो. गंमत अशी, की दोघांची मर्यादा एकत्र 10,000 टन धरली तर कार्बनमुक्त ऊर्जा सुमारे 54 टेराज्यूलच पुरते. प्रदेशागणिक वेगळ्या मर्यादा घातल्याची किंमत येथे सरळ मोजता येते, आणि या रीतीचा खरा उपयोग मला त्यातच दिसतो.

आलेखात वेळ मात्र नसते. सूर्य मावळल्यावरची मागणी, वीज साठवण, पारेषण वाहिन्यांची क्षमता, खर्च यांपैकी काहीच त्यात उमटत नाही. त्यासाठी तासातासाचा हिशेब लिनिअर प्रोग्रॅमिंगने, म्हणजे अनेक रेषीय अटी पाळून सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या गणिती पद्धतीने, करावा लागतो.