निगडी ते मनपा: दोन महापालिका, एक बस

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये धावणाऱ्या पीएमपी बसचे तिकीट १ जून २०२५ पासून महागले. पहिल्या पाच किलोमीटरना दहा रुपये, दोन्ही शहरांत चालणारा दैनिक पास ७० रुपये आणि मासिक पास १,५०० रुपये. २०१४ नंतरची ही पहिलीच भाडेवाढ. एवढी वर्षे तिकीट वाढले नाही याचा अर्थ बस स्वस्तात धावत होती असा नव्हे. वरचा खर्च दोन महापालिका आपापल्या तिजोरीतून भरत होत्या. कुणी किती भरायचे, हा हिशेब समजून घ्यायचा तर पिंपरी-चिंचवड हे पुण्याचे उपनगर कसे झाले, इथून सुरुवात करावी लागते.

पुण्यात १९५० साली महापालिका आली आणि खासगी सिल्व्हर ज्युबिली मोटर्सकडची शहर बस पालिकेच्या ताब्यात गेली. तीच पीएमटी, म्हणजे पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट. त्या वेळी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही मुंबई रस्त्याच्या आजूबाजूची गावे होती. पिंपरीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत होती, आणि चिंचवडला मोरया गोसावींमुळे आधीपासूनच नाव होते. मग पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकात टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज अशी मोठी नावे इकडे आली.

एरवी उपनगरातली माणसे सकाळी शहराकडे कामाला जातात. इथे सुरुवातीला उलटे होते. नोकरी पिंपरीत आणि बिऱ्हाड पुण्यातल्या पेठेत, नाहीतर खडकीत. मोठ्या कारखान्यांनी त्यावर आपला तोडगा काढला: कंपनीची बस. पहिल्या पाळीची बस भल्या पहाटे ठरलेल्या कोपऱ्यावर यायची, डबा हातात घेतलेली चार-सहा माणसे चढायची आणि बस निघायची. लग्नाच्या बाजारातही 'कंपनीच्या बसने जातो' याला वजन होते. छोट्या वर्कशॉपमधला फिटर, कंत्राटी हेल्पर, कारखान्याच्या आसऱ्याने धंदा करणारे टपरीवाले यांना मात्र ही सोय नव्हती. ते पीएमटीवर अवलंबून होते, आणि नंतर गच्च भरलेल्या सिक्स सीटर रिक्षांवर. उपनगरी बसचा खरा प्रवासी हा दुसरा माणूस. सार्वजनिक बस सुधारावी म्हणून मोठा आवाज उठला नाही, त्याचे एक कारण मला इथेच दिसते: ज्यांचा आवाज ऐकला गेला असता, त्या कायम कामगारांच्या दारात कंपनीची गाडी येत होती.

१९७० मध्ये चार गावे मिळून पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले आणि निगडी-आकुर्डीच्या माळावर आखीव सेक्टर पडू लागले. १९७४ मध्ये या नगरपालिकेने स्वतःची बससेवा सुरू केली, ती पीसीएमटी, म्हणजे पिंपरी-चिंचवड म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट. महापालिका व्हायला अजून आठ वर्षे होती, ती १९८२ मध्ये झाली. साध्या नगरपालिकेने स्वतःच्या बस रस्त्यावर आणाव्यात, ही हिंमत जकातीच्या जोरावरची. कारखान्यांत येणाऱ्या मालावर जकात मिळायची आणि ती एवढी, की पुढे 'आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका' हे बिरुद इथले पुढारी प्रत्येक भाषणात मिरवू लागले.

रस्ता एक आणि त्यावर सेवा दोन, असा प्रकार मग तीसेक वर्षे चालला. निगडी, चिंचवड स्टेशन, पिंपरी, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, मग हॅरिस पूल, पलीकडे बोपोडी, खडकी, वाकडेवाडी, शिवाजीनगर आणि शेवटी मनपा, म्हणजे पुणे महापालिकेपाशीचा थांबा. मुळा नदीवरचा हॅरिस पूल म्हणजे दोन शहरांची हद्द. प्रवाशाला हद्दीशी काही देणेघेणे नव्हते, त्याला एकच बस आणि एकच पास हवा होता. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, ती कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी याच पट्ट्यातून जाते. पण मुंबईसारख्या दर चार मिनिटांनी गाड्या इथे कधीच नव्हत्या. एक लोकल चुकली की माणूस निमूट रस्त्यावर येऊन बसची वाट पाहतो.

विलीनीकरणाची चर्चा जुनीच होती. शहरांच्या सुधारणेसाठीची केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आल्यावर तिला जोर आला. शहरांना बस आणि रस्त्यांसाठी पैसे मिळायचे असतील तर कारभार एका छत्राखाली असणे सोयीचे होते. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ ही कंपनी झाली. पुण्याचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०, आणि संचलनातली तूटही त्याच प्रमाणात वाटून घ्यायची. कागदावर पीएमपीएमएल, बोलताना पीएमपी. बरेच जुने पुणेकर अजूनही 'पीएमटी'च म्हणतात.

त्याच वर्षी बजाजने आकुर्डीतले वाहनांचे उत्पादन थांबवले. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण शहर कुठे निघाले होते ते कळते. कारखान्याची पाळी हा इथल्या दिवसाचा काटा राहिला नाही. हिंजवडीला आयटी पार्क झाले होते, वाकड-पिंपळे सौदागरला टॉवर उभे राहत होते. जुन्या मुंबई रस्त्यावरची सरळ रेष सोडून लोक आडवेतिडवे जाऊ लागले, आणि त्यातले पुष्कळसे दुचाकीवरून.

एकत्र करण्याचा निर्णय बरोबर होता, असे माझे मत आहे. चुकले ते पैशाचे. कंपनी केली, पण तिला स्वतःचे भरवशाचे उत्पन्न दिले नाही. जकात २०१३ मध्ये गेली. तूट भरायची वेळ आली की दोन्ही पालिकांत खल होतो आणि 'आमच्या भागात बस कमी, मग पैसे इतके का' हा सूर लागतो. खासगी ठेकेदारांच्या बस घेतल्याने खरेदीचा भार हलका झाला, पण त्यांची बिले थकली की काय होते ते मार्च २०२३ मध्ये दिसले: थकीत रकमेसाठी ठेकेदारांनी बस बंद ठेवल्या आणि थांब्यांवर माणसे ताटकळत राहिली.

बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेची गोष्टही याच हद्दीपाशी अडते. दापोडी ते निगडी मार्ग बराच आधी बांधून तयार होता. सुरक्षिततेच्या मुद्द्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आयआयटी मुंबईकडून तपासणी झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बस धावू लागली. निगडीहून निघालेली बस स्वतंत्र मार्गिकेतून झपाट्याने दापोडीला येते. पूल ओलांडला की बोपोडी आणि खडकी, जिथे लष्कराच्या जागेमुळे रुंदीकरण वर्षानुवर्षे रखडले. तिथे बस रिक्षा, टेम्पो आणि मोटारींच्या रांगेत जाऊन उभी राहायची. पुलाच्या अलीकडे कमावलेली दहा मिनिटे पलीकडे गेली.

मार्च २०२२ मध्ये या रस्त्यावर मेट्रो सुरू झाली, तीही प्रथम पिंपरी-चिंचवड मनपा ते फुगेवाडी एवढीच, म्हणजे मुळेच्या अलीकडेच थांबणारी. ऑगस्ट २०२३ मध्ये ती नदी ओलांडून सिव्हिल कोर्टपर्यंत आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटला पोहोचली. जुन्या बस मार्गाचा मोठा भाग आता तिच्याखाली आहे. पिंपरी ते निगडी या टप्प्याला केंद्राची मंजुरी ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली, तो मार्ग अजून बांधला जातो आहे. निगडी, यमुनानगर, चिखलीकडच्या माणसाला तोवर मेट्रो गाठायलाही बसच लागते, आणि त्या बसची तूट आजही ६०-४० नेच वाटली जाते.